आडव्या लिफ्टची फाइल

पार्कमधल्या मोनोरेलचं दार वळणावर चार बोटं उघडलं, तेव्हा हेडक्लार्कांचा उजवा हात दाराशेजारच्या दांडीवर होता आणि डाव्या हातात बायकोची पर्स होती. पर्स त्यांनी सोडली नाही. पुढे ही हकिगत सांगताना ते हे आवर्जून सांगत, कारण त्या क्षणी त्यांच्या हातून सांगण्यासारखं दुसरं काहीच घडलं नव्हतं. फटीतून खाली तळं दिसलं, तळ्यात बदकं दिसली, आणि बदकं मान वर करून त्यांच्याकडेच बघत होती. मग गाडी सरळ मार्गाला लागली आणि दार आपलं आपण मिटलं.

"आज पाचर नीट बसली नाही," समोर बसलेले सासरे म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

हे सासरे म्हणजे अण्णा. चाळीस वर्षांपूर्वी ही मोनोरेल त्यांनीच उभी केली होती. पार्कचे ते पहिले फोरमन. सासूबाई गेल्यापासून अण्णा मुलीकडे, म्हणजे हेडक्लार्कांकडे राहायला आले, ते एक ट्रंक आणि एक मोठा फोटो घेऊन. फोटोत काळ्याभोर केसांचे अण्णा पहिल्या डब्यापाशी उभे आहेत आणि डब्यावर त्यांनी असा हात ठेवला आहे, की पाहुण्यांना वाटावं डबा आत्ताच परीक्षा पास होऊन आला. घरात कुणीही आलं, की फोटो दाखवला जाई. जावयाचा फोटो त्या भिंतीवर नव्हता. जागाच उरली नव्हती.

एरवी अण्णा घरच्यांना पहिल्या डब्यातच बसवत. तो भरला असेल तर दोन-दोन गाड्या सोडत. त्या रविवारी मात्र हेडक्लार्कांच्या मुलीनं हट्ट धरला, उन्हात उभं राहायला बायको तयार नव्हती, म्हणून सगळे तिसऱ्यात चढले आणि दाराशी असलेली ती लाकडी पाचर हेडक्लार्कांच्या नजरेस पडली. दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी दार आणि चौकट यांच्या मध्ये लाकडाचा एक तुकडा ठोकलेला होता.

दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं आणि आइस्क्रीम खाऊन विसरलं असतं. पण हेडक्लार्क लिफ्ट तपासणी कार्यालयात होते. प्रत्यक्ष लिफ्ट तपासण्याचं काम त्यांचं नव्हे, ते निरीक्षकाचं. त्यांचं काम तपासणीच्या कागदांचं. पण अठ्ठावीस वर्षं 'सुरक्षा' हा शब्द दिवसातून साठ वेळा लिहिला, की माणूस आपोआप जबाबदार होतो, असं त्यांना वाटे. त्यात शाळेची चिठ्ठी घरी येऊन पडलेली. पार्कला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती, समारंभ व्हायचा होता, आणि त्या दिवशी पहिल्या फेरीचा मान मुलीच्या शाळेतल्या चौथीच्या वर्गाला मिळाला होता. बेचाळीस मुलं. त्यातली एक त्यांची. मध्ये एकोणतीस दिवस.

"मी तक्रार करणार," त्यांनी स्वयंपाकघरात बायकोला हळू आवाजात सांगितलं.

"करा. पण अण्णांना कळता कामा नये," बायको म्हणाली. "गाडीला कुणी नुसतं जुनी म्हटलं तरी दोन दिवस जेवत नाहीत ते."

सोसायटीत गुप्त गोष्ट एकाच ठिकाणी बोलता येते, ती म्हणजे जिन्यात. आणि जिन्यात जे बोललं जातं ते सगळ्यांना ऐकू जातं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कंडक्टर म्हणाले, "दाराचं काय घेऊन बसलात? माझ्या बसला सहा वर्षं मागचं दारच नव्हतं. घंटी मारणारा माणूस जागा पाहिजे, बस." त्यांनी निनावी पत्र लिहा म्हणून सुचवलं. निनावी पत्रावर कुणी काही करत नाही, पण वाचतात मात्र सगळे. समोरच्या शिकवणीवाल्या बाईंचा उपाय सोपा होता. "त्या दिवशी तुमच्या मुलीला ताप आला म्हणून कळवा. झालं."

"आणि बाकीच्या एक्केचाळीस जणांना?" बायकोनं विचारलं.

बाईंनी विषय बदलला. हेडक्लार्कांना मात्र त्या प्रश्नानं बरं वाटलं. इतक्या वर्षांत बायकोनं चारचौघांत त्यांची बाजू घेतल्याचं हे दुसरं उदाहरण होतं.

तक्रार त्यांनी रीतसर लिहिली. विषय, संदर्भ, मुद्दे एक ते नऊ, शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती'. तक्रारपेटी पार्कच्या फाटकाशीच होती. पेटीत कागद टाकल्यावर कळलं, की किल्ली हरवून काही वर्षं झाली आहेत. म्हणून दुसरी प्रत हातोहात दिली. आठव्या दिवशी उत्तर आलं. इतक्या तत्पर उत्तरानं हेडक्लार्क हेलावून गेले. उत्तर असं होतं: 'आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन डबा क्रमांक तीनची पाचर बदलण्यात आली आहे. नवीन पाचर पॉलिश केलेली आहे.' सोबत पाचरीचा रंगीत फोटो.

हेडक्लार्क रजा टाकून पार्कच्या कार्यालयात गेले. व्यवस्थापक तरुण आणि अत्यंत सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला आणि तपासणीचं रजिस्टर समोर ठेवलं. रोज सकाळी एकवीस बाबी तपासल्या जात. ब्रेक, चाकं, बोल्ट, घंटा. आणि सतरावी बाब, छापील अक्षरांत: 'पाचर. आहे / नाही'. पुढे रोजची खूण. आहे, आहे, आहे. वर्षंच्या वर्षं, एकही खाडाखोड नाही. खरं सांगायचं तर हेडक्लार्कांना क्षणभर भरूनच आलं. इतकं स्वच्छ रजिस्टर त्यांच्या कार्यालयातही नव्हतं.

"पण साहेब, दाराला कडी हवी ना?"

"मूळ रचनेतच पाचर आहे," व्यवस्थापक म्हणाला. "नव्या माणसाला आम्ही पहिले तीन दिवस पाचरच शिकवतो. दोन ठोके हातोडीचे, एक गुडघ्याचा. डब्यात सुट्या पाचरीही असतात. आणि सरकारचं प्रमाणपत्र आहे की दरवर्षीचं. शंका असेल तर त्या खात्याला विचारा."

"कुठलं खातं?"

ते व्यवस्थापकाला ठाऊक नव्हतं. प्रमाणपत्र फ्रेममध्ये होतं, फ्रेम भिंतीवर होती, आणि भिंतीपुढे नेमकी समारंभाची कमान रंगवून उभी केली होती.

मग हेडक्लार्कांनी तक्रार नगरपालिकेला पाठवली. नगरपालिकेनं कळवलं, की ही वस्तू हलते, सबब इमारत नव्हे. त्यांनी कागद वाहतूक विभागाला दिला. वाहतूक विभागानं कळवलं, की ही वस्तू रस्त्यावरून जात नाही, सबब वाहन नव्हे. कागद पुढे निघाला. समारंभाला बारा दिवस उरले होते. दर कागदाबरोबर हेडक्लार्कांचा रक्तदाब थोडा वर जात होता, पण मान ताठ होती. कुठंतरी एक बेजबाबदार खातं आहे, तिथं एक झोपाळू कारकून आहे आणि आपण त्याला झोपेतून उठवणार आहोत, या कल्पनेनं त्यांना जेवण गोड लागत होतं.

समारंभाला नऊ दिवस उरले असताना एका सकाळी कार्यालयात शिपायानं टपाल टेबलावर ठेवलं. वरच्याच पाकिटात हेडक्लार्कांचं स्वतःचं अक्षर होतं. विषय, संदर्भ, मुद्दे एक ते नऊ. वर तीन खात्यांचे शिक्के आणि लाल शाईत शेरा: 'आपल्याकडील विषय. योग्य कार्यवाहीस्तव.'

"चुकून आलंय," हेडक्लार्क म्हणाले.

"नाही साहेब," शिपाई म्हणाला. तो कार्यालयातला सगळ्यात जुना माणूस होता आणि फायली वासावरून ओळखत असे. "ती आडवी लिफ्ट आपल्याकडेच आहे."

"कसली लिफ्ट?"

शिपायानं मागच्या कपाटातून फाइल काढून आणली. चाळीस वर्षांपूर्वी या गाडीला प्रमाणपत्र कुणी द्यायचं हे कुणालाच ठरवता येईना, तेव्हा एका हुशार अधिकाऱ्यानं मार्ग काढला होता. माणसांना जमिनीपासून वर उचलून नेते ती लिफ्ट. वर नेल्यावर ती बाजूला का जाते, हा तिचा खासगी प्रश्न. फाइलवर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'लिफ्ट (आडवी), एक नग'. आत दर वर्षाचं एकेक प्रमाणपत्र. पार्क आपल्या रजिस्टरची प्रत पाठवी, हेडक्लार्क सगळ्या खुणा 'आहे'च्या खाली आहेत ना एवढंच बघून कोपऱ्यात आद्याक्षरं करत, आणि आद्याक्षरं बघून निरीक्षक सही करत. गेली चार वर्षं निरीक्षकाची जागाच रिकामी होती. अतिरिक्त कार्यभार परगावच्या एका अधिकाऱ्याकडे होता, आणि तो तर फक्त आद्याक्षरंच बघत असे.

हेडक्लार्कांनी मोजली. अकरा प्रमाणपत्रांवर त्यांची स्वतःची आद्याक्षरं होती. अकराही वळणदार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्यांनी पाणी मागवलं. लाज वाटत होती. नुसती लाज नव्हे, भीतीही, कारण बदकं पुन्हा डोळ्यांपुढे आली होती.

आता निदान अधिकार आपल्याच हातात आहे, असं म्हणून त्यांनी नियमावली काढली. प्रमाणपत्र रद्द करता येत होतं. मात्र निरीक्षक नसल्यास, 'त्या यंत्राची माहिती असलेल्या जाणकार व्यक्तीचं लेखी मत' जोडणं आवश्यक होतं. त्यांनी पार्कला विचारणा केली. सभ्य व्यवस्थापकानं त्याच दिवशी कळवलं, की अशी एकच व्यक्ती हयात असून समारंभाचे प्रमुख पाहुणेही तेच आहेत. खाली पत्ता दिला होता. तो हेडक्लार्कांच्या घराचा होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्याच आठवड्यात निमंत्रणपत्रिका घरी आली होती आणि अण्णांनी ती फोटोच्या चौकटीत खोचून ठेवली होती. कोट धुवायला दिला होता. हेडक्लार्कांनी संध्याकाळच्या चहाला विषय काढला. आधी हवापाण्याचं बोलले, मग जुन्या यंत्रांचं, मग एकदम सगळं सांगून मोकळे झाले.

अण्णांनी कप खाली ठेवला. "म्हणजे ते तक्रारवाले गृहस्थ तुम्ही?"

"हो."

"माझ्याच घरात राहून?"

वास्तविक घर हेडक्लार्कांचं होतं, पण ही वेळ ते काढायची नव्हती. अण्णा उठून खोलीत गेले आणि तीन दिवस त्यांनी जावयाशी बोलणं टाकलं. जे काही कळवायचं ते नातीमार्फत. "बाबा, अण्णा म्हणतात, हेडक्लार्कांना सांग बाथरूमचा दिवा चालू राहिलाय." आतापर्यंत ते त्यांना जावईबापू म्हणत. घरातल्या घरात बढती काढून घेतल्यासारखं हेडक्लार्कांना झालं. बायको दोघांच्याही ताटात मुकाट्यानं वाढत होती आणि चौथ्या दिवसाची वाट बघत होती. बापाला ती ओळखून होती.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा स्वयंपाकघरात आले आणि उभ्या उभ्याच बोलू लागले.

"उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिसऱ्या डब्याची कडी तुटली. मोटर ज्या खोक्यातून आली होती, त्याची फळी कापून मी पाचर केली. म्हटलं, दोन दिवस निभतील. कडी मागवली. कंपनीनं पाठवतो म्हणून कळवलं, आणि मग कंपनीच बंद पडली. दार बंद राहत होतं. लोक खूश होते. मला प्रशस्तिपत्र मिळालं. मग मी माणसांना पाचर मारायला शिकवली. चांगली शिकवली."

बायकोनं गॅस बंद केला.

"हिला, हिच्या आईला, तुम्हाला मी कधी तिसऱ्यात बसवलं नाही," अण्णा म्हणाले. "लोकांची पोरं बसत होती ती बसत होती. चाळीस वर्षं मी तेवढंच बघितलं, आपली माणसं पहिल्या डब्यात आहेत ना. कागद आणा, जावईबापू."

मत लिहायला दोन तास लागले. अण्णांना 'पाचर ही माझी चूक आहे' असं लिहायचं होतं. हेडक्लार्क म्हणाले, सरकारी कागदावर चूक नसते, त्रुटी असते. अण्णा म्हणाले, त्रुटी तुमच्या खात्यात असतात, माझी चूकच आहे. शेवटी चूक राहिली. हेडक्लार्कांनी आदेश तयार केला, कोपऱ्यात आद्याक्षरं केली, आणि ती बघून परगावच्या अधिकाऱ्यानं नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच हेडक्लार्कांना त्या पद्धतीचा उपयोग झाला.

आदेश पार्कला पोचला समारंभाच्या आदल्या दिवशी. व्यवस्थापकानं पोच दिली, शिक्का मारला आणि खाली नम्रपणे लिहिलं: 'अंमलबजावणी कार्यक्रमानंतर तातडीने.'

समारंभाला बँड होता, फुगे होते, आणि फलाटावर चौथीची बेचाळीस मुलं दोन रांगांत उभी होती. अण्णा धुतलेल्या कोटात मंचावर बसले होते. फुलांचा गुच्छ झाला, स्वागत झालं, आणि हिरवं निशाण दाखवण्याआधी दोन शब्द बोलावेत म्हणून माइक त्यांच्यापुढे आला.

"तिसऱ्या डब्याचं दार खोक्याच्या फळीवर बंद आहे," अण्णा म्हणाले. "ती फळी मी लावली. मला त्याची शरम वाटते. आज गाडी जाणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढा मोठा माणूस आणि किती विनय, असं पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या हीच खूण समजून बँड वाजू लागला. अण्णा दोनदा काहीतरी ओरडले ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग ते मंचावरून उतरले, सावकाश फलाट ओलांडून तिसऱ्या डब्यापाशी गेले, आणि दाराच्या उंबऱ्यावर पाय बाहेर सोडून बसले. व्यवस्थापक धावत आला. विनवण्या झाल्या. अण्णा म्हणाले, "गाडी न्यायची तर मला घेऊन न्या. अशीच, दार उघडं टाकून."

आता उरलेलं काम हेडक्लार्कांचं होतं. त्यांनी बॅगेतून 'वापरास मनाई' असा छापील कागद काढला आणि डिंकाची बाटली उघडली. डिंक वाळून दगड झाला होता. बेचाळीस मुलं, बँडवाले आणि दीडशे पाहुणे यांच्यासमोर हेडक्लार्क बाटलीत काडी खुपसून खरवडत राहिले. शेवटी वर्गशिक्षिकेनं पर्समधून चिकटपट्टी दिली. कागद तिरका लागला. तो सरळ करावा असं त्यांना फार वाटलं, पण तेवढ्यात मुलांना प्रकार उमगला आणि रांगांतून "हूऽऽ" असा आवाज उठला. बेचाळीस मुलांची हुर्यो अंगावर घेणं सोपं नसतं. त्या गलक्यातही त्यांना एक संवाद स्वच्छ ऐकू आला.

"ए, ते तुझे बाबा आहेत ना?"

"नाही," त्यांची मुलगी म्हणाली.

हे त्यांना लागलं. अण्णांनी उंबऱ्यावर थोडं सरकून जागा केली आणि हेडक्लार्क त्यांच्या शेजारी जाऊन बसले. गर्दी पांगेपर्यंत ते तिथंच बसून राहिले.

तीन आठवड्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांचा अहवाल आला. एकवीस बाबींपैकी एकोणीस बाद होत्या. घंटा ठीक होती. पाचर सुस्थितीत होती. दुसऱ्या डब्याच्या चाकांचे चारपैकी तीन बोल्ट तडकलेले होते, आणि गाडी आणखी किती फेऱ्या टिकली असती हे सांगता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. अण्णांनी अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. त्यांना वाटत होतं आपली एकच चूक आहे. बोल्टांच्या ओळीपाशी ते थांबले.

मुलगी जमिनीवर चित्र रंगवत होती. "आमच्या रांगेचा नंबर दुसऱ्या डब्यात होता," ती म्हणाली, आणि पुन्हा रंगवू लागली. थोड्या वेळानं उठून ती बाबांच्या खुर्चीला टेकून बसली आणि जेवायला बोलावेपर्यंत तिथून हलली नाही.

कार्यालयात हेडक्लार्कांना कारणे दाखवा नोटीस निघाली, अकरा आद्याक्षरांबद्दल. अशा नोटिसांचा मसुदा हेडक्लार्कच करत, म्हणून हाही त्यांनीच केला. नीट, कडक भाषेत. स्वतःला सात दिवसांची मुदत दिली. मग पुढची फाइल ओढली. सहामजली इस्पितळ, लिफ्ट एक, सगळ्या खुणा 'आहे'च्या खाली. त्यांनी पेनचं टोपण काढलं, कोपऱ्यावर पेन टेकवलं, आणि तसंच उचलून टोपण परत लावलं. छत्री घेतली.

"कुठं निघालात साहेब?" शिपायानं विचारलं.

"इस्पितळात."

"बरं नाही का?"

"बरा आहे मी," हेडक्लार्क म्हणाले. "लिफ्ट आहे की नाही, तेवढं बघून येतो."